तिट्ट्यावरची हजेरी

मार्गशीर्ष लागला की तिट्ट्यावर धुकं उतरायचं, ते ऊन चांगलं तापेपर्यंत हलायचं नाही. तीन वाड्यांचे तीन रस्ते तिथं एकमेकांना मिळायचे. पण त्या दिवसांत माणूस मधोमध उभा राहिला तरी त्याला त्यातला एकही दिसत नसे. झुंबरबाईला बघायची गरज नव्हती. डेअरीतनं मागून आणलेला, दुधाचे क्यान न्यायचा हातगाडा ती पुढं रेटत होती. चाकाखाली डांबर संपून खडी लागली की तिट्टा आला, एवढं तिला पुरे होतं.

गाड्यावर घोंगड्यात गुंडाळलेला गुंडू होता. तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो उघडानागडा उंबऱ्यात बसून गुळाचा खडा चोखत होता. सासू लवकर गेली, मागनं नवराही गेला, आणि या पोराला तिनंच वाढवलं. पुढं त्याचा असा गडी झाला, की ओढ्याच्या अल्याड उभा राहून त्यानं हाक दिली तर पल्याडच्या डोंगरावरची म्हस चरायची थांबायची. मग एका हंगामात ट्रॉलीवर उसाची मोळी चढवताना तो मोळीसकट खाली आला. मोळी परत वर गेली, गुंडू काही उठला नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तोंड वाकडं झालं. डाव्या डोळ्याची पापणी तेव्हापासून मिटेनाशी झाली. झोपेतही तो डोळा उघडा असायचा. झुंबरबाई रोज दिवा मालवायच्या आधी त्यावर ओलं फडकं ठेवायची. डोळा सुकू नये म्हणून, असं ती शेजारणींना सांगायची. खरं तर अंधारात तो डोळा आपल्याकडं बघत राहतो, हे तिला सोसायचं नाही.

सरकारकडनं गुंडूला महिन्याला पैसे यायचे. वाडीत त्याला पगार म्हणत. त्याच्या गोळ्या आणि दोघांचं मीठमिरची त्यावर निघायचं. त्यासाठी वर्षातनं एकदा माणूस ऑफिसात नेऊन तो जिवंत आहे हे दाखवावं लागे. ती हजेरी.

तिट्ट्यावरचं ऑफिस म्हणजे कौलारू एक खोली आणि पुढं पडवी. बाजारच्या दिवशी साहेब यायचे. एरवी हजेरीच्या दिवसांत तिथं नुसता कालवा असायचा. कुणी ऊस तुटला नाही म्हणून बोंबलायचं, कुणी साहेबाच्या नावानं शिव्या घालायचं. त्या दिवशी धुक्यातनं पडवी दिसायच्या आधी झुंबरबाईला वाटलं, आज कुणी आलंच नाही. जवळ गेल्यावर माणसं दिसली. भिंतीला पाठ लावून ओळीनं बसलेली, सगळी म्हातारी, कुणी पांगळी. प्रत्येकाच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"साहेब आल्यात का?" झुंबरबाईनं विचारलं.

खालच्या वाडीची चिमणाबाई, कमरेत पार दुमडलेली, तिनं मान तेवढी फिरवली. "आत जावा. तुमचाच नंबर."

"तुमी आदी आलाय की."

"आमचं काय. आमी हाय हितंच."

तिनं गाडा तसाच आत घातला. खोलीत उजेड नव्हता. पंखा होता तिथं आढ्याला नुसता आकडा लोंबत होता. कपाटं होती तिथं भिंतीवर पांढरे चौकोन उरले होते. मधोमध एक खुर्ची, तिच्यापुढं पालथं घातलेलं लाकडी खोकं, आणि खुर्चीत साहेब नव्हते. शिपाई जोतीराम बसला होता. केस काळे असल्यापासून तो या ऑफिसचं कुलूप काढत आला होता. आता दाढी छातीवर आलेली. नजर दाराच्या वरच्या चौकटीवर.

साहेब रजेवर असतील, असं झुंबरबाईनं धरलं.

"नाव?" जोतीरामनं विचारलं.

"गुंडू. वरच्या वाडीचा."

तो उठला. भिंतीला हात लावत गाड्यापाशी आला, खाली बसला, घोंगड्यात हात घालून त्यानं गुंडूचा पाय पकडला. घोट्याच्या आतल्या अंगाला बोटं टेकवली आणि तसाच थांबला. बाहेर कौलांवरनं दव ठिबकत होतं, ते ऐकू येत होतं. पडवीतली माणसं जागची हलली नाहीत, पण सगळ्यांनी श्वास धरून ठेवलाय असं झुंबरबाईला वाटलं. तिनंही धरला.

"हाय," जोतीराम म्हणाला. "जित्ता हाय. रातचं कुशीवर कोण वळवतंय ह्येला?"

"मीच की."

"वळवत जा. टाच लाल झालीया."

"अंगठा लावायचा न्हवं?"

"न्हाय लागत."

इतक्या वर्षांत ऑफिसातल्या कुणी गुंडूच्या टाचेकडं पाहिलं नव्हतं. झुंबरबाईला हसू आलं. ती गाडा वळवून बाहेर आली, चिमणाबाईकडं बघून हसली. चिमणाबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. अर्ध्या वाटेत झुंबरबाईनं मागं वळून पाहिलं. धुक्यात ना पडवी होती, ना माणसं.

पौषात पगार आला नाही. सरकारचं असतंच मागंपुढं, म्हणून ती गप्प बसली. पहाटे उठून तोडकऱ्यांच्या मागं उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाडं गोळा करायचं, विळ्यानं कापून भारे बांधायचे, ते गवळ्यांच्या दारात टाकायचे, असं चालू होतं. गुंडूच्या गोळ्या ती मोडून अर्ध्या द्यायला लागली. माघ उजाडला तशी ती वाडीतल्या सेवा केंद्रात गेली. शाळेच्या मागच्या गाळ्यात स्वप्नाली नावाची पोरगी कॉम्प्युटर घेऊन बसायची. लग्न मोडून माहेरी आलेली, पण बोलण्यात कडवटपणा नाही.

स्वप्नालीनं बराच वेळ स्क्रीन वरखाली केला. "मावशी, काकाची हजेरी लागल्याली न्हाय."

"लागली की. मार्गशीर्षात मी सोता घिऊन गेलतो तिट्ट्यावर."

स्वप्नालीचा हात थांबला. "तिट्ट्यावर ऑफिस कुटं हाय आता? पावसाळ्यातच बंद झालं. कपाटं, टेबलं, पंखा, समदं टेंपोत भरून तालुक्याला नेलंया."

"मग खुर्चीत जोतीराम बसलाय त्यो?"

"त्येला तर तवाच घरी बसवलाय."

झुंबरबाई बाकड्यावर बसली. खोलीतले ते पांढरे चौकोन तिच्या डोळ्यांपुढं आले. मग त्या ओळीनं बसलेल्या माणसांचे चेहरे आठवायचा तिनं प्रयत्न केला, आणि चिमणाबाई सोडली तर तिला एकही चेहरा आठवेना.

"घाबरू नगासा," स्वप्नाली म्हणाली. "आता फोनवर तोंड दाखवलं तरी हजेरी लागती. मी येतो संध्याकाळी घरला."

ती खरंच आली. पडवीत गुंडूला भिंतीला टेकवून बसवला आणि तिनं फोन त्याच्या तोंडापुढं धरला. फोनातनं एका बाईचा गोड आवाज आला. "कृपया डोळे मिचकवा."

गुंडूचा उजवा डोळा मिटला, डावा उघडाच राहिला. "कृपया डोळे मिचकवा," बाई परत म्हणाली. स्वप्नालीनं फोन जवळ नेला, लांब नेला, दिवा लावून बघितला. झुंबरबाईनं दोन बोटांनी ती पापणी खाली ओढून धरली, तर तिचा हात मध्ये आला म्हणून फोननं नाकारलं. गुंडूच्या घशातनं घरघर यायला लागली. त्याला काय करायचंय ते कळत होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. त्याच्या कपाळावर घाम आला. बाई मात्र त्याच गोडीनं सांगत राहिली. शेवटी स्क्रीन लाल झाली.

"काय म्हणती ती?" झुंबरबाईनं विचारलं.

स्वप्नालीनं फोन खिशात घातला. "समोर जिवंत माणूस न्हाय म्हणती."

गुंडू त्या उघड्या डोळ्यानं दोघींकडं बघत होता.

मग तालुक्याला नेण्यावाचून इलाज उरला नाही. एसटीत चढवायला गुंडू जड, आणि सकाळची एसटीही बंद झालेली. वाड्या फिरून दूध गोळा करणारा राजवीर आपल्या टेंपोतनं न्यायला तयार झाला. "क्यानांच्या मधी बसवतो, काकी. टेकायला हुतंय." हातगाडा तिट्ट्यावर ठेवला आणि त्यांनी गुंडूला टेंपोत घातला. क्यान रात्रभर बाहेर राहिलेले, हात लावला तर चटका बसावा असे गार. झुंबरबाईनं आपल्या लुगड्याचा पदर ओढून त्याच्या पाठीमागं कोंबला. धुक्यात राजवीर हॉर्न वाजवत चालला होता. समोरनं येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या एकदम अंगावर आल्यासारख्या दिसायच्या आणि लगेच विरायच्या. गुंडूचं डोकं वळणावळणाला क्यानवर आपटत होतं, तिथं तिनं आपला तळहात ठेवला.

ऑफिस नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. खाली खिडकीतल्या माणसानं सांगितलं, "ज्याचा पगार त्यो वर याय पायजे."

"त्येला चालता येत न्हाय."

"मग उचलून आणा. लिफ्ट बंद हाय."

राजवीरला दूध खराब व्हायच्या आत पोचवायचं होतं. तो गेला होता. झुंबरबाईनं इकडं तिकडं पाहिलं. जिन्यावरनं माणसं चढत उतरत होती, प्रत्येकाच्या हातात फोन, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. तिनं गुंडूला पाठीवर घेतला, त्याचे हात गळ्यातनं पुढं आणले, पदरानं कमरेला आवळला आणि कठड्याला धरून चढायला लागली. लहानपणी तिनं त्याला असाच ओढ्यावर नेला होता. अर्ध्यावर गेल्यावर तिच्या पाठीवरनं ऊन ऊन काहीतरी खाली वाहिलं. लुगडं भिजलं, ओघळ पायऱ्यांवर आला. वरनं येणाऱ्या दोन बायांनी साड्या उचलून धरल्या आणि भिंतीला चिकटून त्या पुढं गेल्या. गुंडूनं आपला चेहरा तिच्या मानेत खुपसला. थांबायची सोय नव्हती. थांबली असती तर परत उचलता आला नसता.

वर काचेमागं एक तरुण कारकून होता. बोलायला बरा. "बसा मावशी, पाणी घ्या," म्हणाला. त्यानं मशीन पुढं सरकवलं. गुंडूची बोटं आखडलेली, मशीनवर सपाट बसेनात. मग परत फोन, परत ते डोळे मिचकवणं, परत लाल स्क्रीन.

"साहेबांनी प्रत्यक्ष बघून सही केली की हुतंय," तो म्हणाला. "पर साहेब कोल्हापूरला मीटिंगला गेल्यात."

"कवा येत्यात?"

"सांगता येत न्हाय. पुढच्या आठवड्यात या."

"ह्येला घिऊन?"

"प्रत्यक्षच लागतंय."

झुंबरबाई काचेजवळ गेली. "त्यो तुमच्या म्होरं बसलाय की. तुमी बगा आणि लिवा."

कारकुनाची नजर स्क्रीनवरनं हलली नाही. "माझ्या बघण्याला किंमत न्हाय, मावशी." हे त्यानं तोडून सांगितलं नाही. जी गोष्ट त्याला स्वतःलाच रोज ऐकून घ्यावी लागते ती सांगावी, तसं सांगितलं. त्या सगळ्या वेळात त्यानं एकदाही गुंडूकडं पाहिलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा रिकाम्या क्यानांसह राजवीरनं त्यांना तिट्ट्यावर उतरवलं. त्याला दुसऱ्या वाडीला वळायचं होतं. त्या दिवशी धुकं उठलंच नव्हतं. झुंबरबाईनं गुंडूला गाड्यावर निजवला. लुगडं ओलं, गार, मांड्यांना चिकटलेलं. मान वर केली तर समोर पडवी, आणि पडवीत ती माणसं. तशीच ओळीनं. मार्गशीर्षापासनं उठलीच नाहीत, असं एक क्षण तिला वाटून गेलं. मग तिच्या ध्यानात आलं, आज बाजारचा दिवस.

ती गाडा घेऊन सरळ त्यांच्यापुढं उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "हितं काय न्हाय. ऑफिस बंद झालंया. तालुक्याचा जिना चढून आलो मी. तुमच्या हजेऱ्या कुटंच लागल्या न्हाईत."

कुणी हललं नाही. एका म्हाताऱ्यानं मांडीवरचं फडकं नीट केलं.

"ऐकू येतंय का न्हाय?"

"हळू बोल," चिमणाबाई म्हणाली. "आत जाईल ऐकू."

"जाऊ दे की."

"आमाला ठावं हाय, बाई. सगळ्यास्नी ठावं हाय. आत त्या जोतीरामलाच तेवढं कळंना झालंया." चिमणाबाईनं तिला हातानं खाली बसवलं. "सांगितलं हुतं साहेबांनी. त्येनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिशी येऊन कुलूप काडलं. डोळं तर कवाच गेल्यात. कपाट हाय का न्हाय, त्येला दिसत न्हाय. बाईल मेली, घर पडलं. हितंच निजतोय." तिनं मांडीवरची गाठ सोडून दाखवली. आत भाकरी होती आणि वर मिरचीचा ठेचा. "आमी न्हाय आलो तर खाईल काय?"

"आणि तुमचा पगार?"

"बंदच हाय. तू जिना चढलीस. मला चढंल का?"

झुंबरबाईचा आवाज चिरकला. "मग मला तवाच का न्हाय सांगितलासा?"

चिमणाबाईनं भाकरीची गाठ परत बांधली. "सांगणार हुतो," ती म्हणाली. "त्येनं पाय धरला आणि हाय म्हणाला. तू भाईर येऊन हसलीस. मग जीबच उचलली न्हाय."

आतनं आवाज आला. "नाव?"

पडवीतल्या सगळ्या माना झुंबरबाईकडं वळल्या. ती उठली. आत जाऊन सांगायचं, की तू कुणी नाहीस, तुझ्या हाय म्हणण्यानं माझं वाटोळं झालं. तिनं गाडा उंबऱ्यावरनं आत घेतला.

"गुंडू," ती म्हणाली. "वरच्या वाडीचा."

जोतीराम भिंत चाचपत आला. खाली बसून त्यानं पाय धरला. घोट्याला बोटं लावली आणि थांबला. झुंबरबाई तोंडात शब्द जुळवत उभी होती. जोतीरामचा हात घोट्यावरनं पोटरीवर गेला, पोटरीवरनं गुडघ्यामागं. तिथं थांबला. मग वर सरकून त्यानं गुंडूच्या गळ्याशी बोटं लावली. कौलांवरनं दव ठिबकत होतं. तो काहीच बोलेना.

"बोला की," झुंबरबाई म्हणाली.

"थांब."

त्यानं गुंडूच्या छातीवर कान टेकवला. तिनं पहिल्यांदाच नीट खाली पाहिलं. गुंडूचे ओठ निळे पडले होते. उजवा डोळा मिटलेला, डावा उघडा, आणि त्या उघड्या डोळ्यात कुणी नव्हतं. जिना उतरल्यापासनं त्याची घरघर ऐकू आली नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

"लई खोल गेलाय," जोतीराम म्हणाला. "पाला आणा. ओलं काडा त्येच्या अंगावरचं."

पडवीतली माणसं उठली. ज्यांना उठता येत नव्हतं ती ढुंगणावर सरकत आत आली. कुणीतरी ट्रॉलीतनं सांडलेला उसाचा पाला कवळ्यानं आणला आणि खोलीच्या मधोमध पेटवला. पाला भडभड पेटला. उजेडात सगळ्यांच्या सावल्या त्या पांढऱ्या चौकोनांवर नाचायला लागल्या. ओलं धोतर निघालं. एका म्हाताऱ्यानं आपलं कांबळं दिलं. चिमणाबाई तळवे चोळायला बसली, दुसरं कुणी पोटऱ्या, कुणी छाती. कामानं चिरा पडलेले, गाठी आलेले कितीतरी हात गुंडूच्या अंगावर फिरत होते. जोतीराम मात्र गळ्यावरची बोटं न उचलता तसाच बसला होता. पाला विझत आला की परत टाकायचे. धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं.

झुंबरबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "गुंडू," ती म्हणत होती. "ए गुंडू. म्हस डोंगरात ऱ्हायली बग."

कितीक वेळानं त्याच्या छातीतनं काहीतरी उठलं. आधी घरघर, मग घोगरा, लांबत जाणारा सूर. "हूऽऽऽ." आजारपणात एक अक्षर न उमटलेल्या त्या तोंडातनं त्याची जुनी हाक आली, फुटकी, पण तीच. ती दारातनं बाहेर धुक्यात गेली. चोळणारे हात जागच्या जागी थांबले. लांब कुठंतरी, न दिसणाऱ्या डोंगराच्या अंगानं, एक म्हस हंबरली.

"हाय," जोतीराम म्हणाला. "आता हाय."

त्याला जे सांगायचं होतं ते झुंबरबाईनं सांगितलं नाही. निघताना आपल्याकडं काही नाही म्हणून ती ओशाळली, तेव्हा चिमणाबाईनं आपल्यातली अर्धी भाकरी मोडून तिच्या हातात दिली आणि तिनं ती जोतीरामच्या ओंजळीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी हे सगळं तिनं स्वप्नालीला सांगितलं. स्वप्नालीनं लगेच तलाठीबाईंना फोन लावला. बाई नव्यानं आलेल्या, अनुजा नावाच्या. स्वप्नाली त्यांच्याशी भांडल्यासारखं बोलली. माणसं वर येत नाहीत, तर मशीन खाली आणा, म्हणाली.

पुढच्या बाजारच्या दिवशी अनुजाबाई स्कूटीवरनं तिट्ट्यावर आल्या. बरोबर डोळ्याचं बुबुळ बघायचं मशीन होतं. पडवीतली माणसं बघून त्या जरा बिचकल्या; त्यांना कुणी नमस्कार केला नाही, कुणी तक्रार केली नाही. त्यांनी एकेकाच्या डोळ्याला मशीन लावलं. चिमणाबाईचं लागलं. बाकीच्यांचं लागलं. एका दोघांचं मोतीबिंदूमुळं लागेना, त्यांचं बाईंनी स्वतः बघून लिहून घेतलं. गुंडूचं मशीन लावल्या लावल्या लागलं. न मिटणारा डोळा मशीनला सोयीचा पडला.

मग बाई आत गेल्या. "हे कोण?"

जोतीराम उठून भिंतीच्या कडेनं त्यांच्यापाशी आला. "नाव?" त्यानं विचारलं आणि हात पुढं केला. बाईंनी काही न कळून आपला हात दिला. त्यानं मनगटावर बोटं ठेवली. अनुजाबाई तशाच उभ्या राहिल्या, हात सोडवून न घेता. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, झुंबरबाईनं तो पाहिला.

"हाय," जोतीराम म्हणाला. "जावा."

बाहेर येऊन बाईंनी स्कूटीला किल्ली लावली, पण बराच वेळ ती फिरवली नाही. "ह्या वर्षीचं झालं," त्या म्हणाल्या. "फुडच्या वर्षी मला असं येता येईल का न्हाय, सांगत न्हाय. तालुक्यालाच या."

पगार सुरू झाला. गुंडूच्या गोळ्या पुऱ्या मिळायला लागल्या. त्या फुटक्या हाकेनंतर मात्र त्याच्या तोंडातनं परत काही आलं नाही. बाईंनी वर कळवलं असावं. शिमग्याच्या आधी साहेबांचा माणूस येऊन त्या खोलीला नवं कुलूप लावून गेला. सरकारी जागेत जाळ केला, असं त्याचं म्हणणं होतं. जोतीरामचा एक पुतण्या कबनूरला यंत्रमागावर कामाला होता, त्याला बोलावून घेतलं. तो म्हाताऱ्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन गेला. स्वप्नालीनं सांगितलं, तिथं मागांच्या शेडलाच लागून खोली आहे, दिवसरात्र खडखडाट, भिंतीला हात लावला तर भिंतही थरथरते. जोतीराम त्या भिंतीला हात लावून बसून असतो.

पुढच्या बाजारच्या दिवशी झुंबरबाई वाडं आणायला त्या अंगाला गेली होती. तिट्ट्यावर काम नव्हतं, तरी डोक्यावरचा भारा खडीवर टाकून ती तिथं थांबली. थंडी सरत आली होती, धुकं पातळ होतं. कुलपाच्या दारापुढं माणसं बसली होती. मांडीवर फडकी नव्हती, हात नुसते मांडीवर होते. आता इथं यायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि तरी सगळी आली होती. चिमणाबाई थोडी सरकली. झुंबरबाई तिच्या शेजारी भिंतीला टेकली. कशाला बसलो, हे तिला सांगता आलं नसतं.

दिवसातली उरलेली एकच एसटी आली, थांबली, गेली. एक माणूस आपल्या म्हाताऱ्या बापाला काखेत धरून उतरला होता. लांबचा असावा. पायांवर धूळ होती.

"हजेरी हितंच न्हवं?" त्यानं विचारलं.

"न्हाय पावणं," झुंबरबाई म्हणाली. "बंद झालं. तालुक्याला जावं लागतंय."

"आता माघारी गाडी कवा?"

"उद्याच."

तो माणूस रस्त्याकडं बघत उभा राहिला. म्हाताऱ्याला हे ऐकू आलं नव्हतं, नाहीतर कळलं नव्हतं. तो पायरीवर टेकला आणि त्यानं हजेरीसाठी आपला हात झुंबरबाईपुढं केला. तळवा वर, मनगट उघडं. पडवीत कुणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते, हे तिला न बघता कळलं.

तिनं तो हात घेतला. विळ्यानं घट्टे पडलेल्या तिच्या बोटांना काही लागेना. कातडी पातळ, गार, कागदासारखी. तिनं बोटं थोडी वर सरकवली, थोडी खाली. काही नाही. म्हातारा तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि सगळी पडवी श्वास धरून बसली होती. तिनं डोळे मिटले.

मग पार आत, हाडाच्या कडेला, काहीतरी हललं. थांबलं. परत हललं.

"हाय," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं हात काढून घेतला नाही.